फेडरल ट्रायल जज: एकाच गावात, जन्मभर

प्रश्न पुण्यातल्या विधी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे: "अमेरिकेत एकटा फेडरल जज राष्ट्राध्यक्षाचा हुकूम थांबवतो अशा बातम्या येतात. हा जज म्हणजे आपला जिल्हा न्यायाधीशच का? त्याची नेमणूक कशी होते, त्याचं रोजचं आयुष्य कसं असतं, आणि इतका अधिकार त्याला येतो कुठून?"

मी आधी काही वर्षं सांगलीच्या कोर्टात वकिली केली, आणि नंतर इकडे न्यू जर्सीत फेडरल कोर्टात आरोपींच्या वतीने उभा राहत आलो. म्हणजे मला अनुभव आहे तो जजसमोर उभं राहण्याचा, खुर्चीत बसण्याचा नाही. तेवढं धरून वाचा.

पदाचं नाव डिस्ट्रिक्ट जज असलं तरी आपल्या जिल्हा न्यायाधीशाशी साम्य जवळपास तिथेच संपतं. आपल्याकडे जज सेवेत घडतो. एमपीएससीची परीक्षा, कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, मग जिल्हा न्यायाधीश. नाहीतर सात वर्षं वकिली करून थेट भरती. तीनेक वर्षांनी बदली, वरिष्ठांचे गोपनीय अहवाल, साठीला निवृत्ती. फेडरल जजला यातलं काहीच लागू नाही. परीक्षा नाही, बदली नाही, निवृत्तीचं वय नाही. राज्यघटनेत त्याच्यासाठी वयाची किंवा शिक्षणाची अटसुद्धा लिहिलेली नाही. फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टांचे देशभर ९४ जिल्हे आणि त्यांत मिळून पावणेसातशेच्या आसपास पदं. खून, घटस्फोट, जमिनीचे वाद हा सगळा रोजचा पसारा बहुतांशी राज्यांच्या कोर्टांत चालतो, तिथले कित्येक जज तर निवडणूक लढवून येतात. फेडरल कोर्टाकडे येतात ते केंद्राच्या कायद्याखालचे गुन्हे, घटनेचे प्रश्न, पेटंट, मक्तेदारी, दोन वेगवेगळ्या राज्यांतल्या पक्षकारांमधले मोठे दावे.

अधिकाराचं मूळ घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदात आहे. वर्तन चांगलं असेपर्यंत पद, आणि पदावर असताना पगार कमी करता येणार नाही, इतकंच तिथे म्हटलंय. काढायचं तर महाभियोग. आजवर पंधरा फेडरल न्यायाधीशांवर महाभियोग दाखल झाला आणि आठ जण दोषी ठरून पदावरून गेले. सव्वादोनशेहून जास्त वर्षांत एवढेच.

आजन्म पदाबद्दल सगळेच बोलतात. मला विचाराल तर बदली नसणं ही त्याहून मोठी गोष्ट आहे. ज्या गावात निकाल द्यायचा त्याच गावात उद्या किराणा आणायचा, मुलं शाळेत घालायची, रविवारी चर्चमध्ये बसायचं. निकाल आवडला नाही म्हणून सरकार तुम्हाला हलवू शकत नाही, आणि तुम्हीही बदली मागून सुटू शकत नाही. याचा अर्थ नीट कळायला फ्रँक जॉन्सन यांचं आयुष्य बघा. इथल्या जजांचं करिअर कुणी मला समजावून सांगायला सांगितलं की मी त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

फ्रँक एम. जॉन्सन (धाकटे) १९१८ साली अलाबामातल्या विन्स्टन परगण्यात जन्मले. हा डोंगराळ, गरीब भाग. यादवी युद्धाच्या वेळी अलाबामा फुटून निघालं तेव्हा या परगण्याने त्याला विरोध केला होता, आणि पुढे डेमोक्रॅट दक्षिणेत रिपब्लिकन राहिला. म्हणजे बहुमताच्या विरुद्ध उभं राहण्याची सवय गावालाच होती. अलाबामा विद्यापीठातून कायदा, मग सैन्यात, नॉर्मंडीच्या लढाईत जखमी. परत येऊन जॅस्पर या गावी वकिली. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत रिपब्लिकन आयझेनहॉवर यांच्यासाठी राज्यात काम केलं म्हणून १९५३ मध्ये उत्तर अलाबामाचे सरकारी वकील झाले, आणि १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये माँटगोमेरीच्या फेडरल कोर्टावर नेमणूक झाली. वय सदतिशीच्या उंबरठ्यावर. यात गुणवत्ता होती तसा पक्षही होता, हे लपवायचं कारण नाही. फेडरल जजची नेमणूक तेव्हाही राजकीय होती, आजही आहे.

नेमणुकीनंतर थोड्याच आठवड्यांत, १ डिसेंबरला, त्याच शहरात रोझा पार्क्स यांना बसमधली जागा सोडली नाही म्हणून अटक झाली. बसवरचा बहिष्कार सुरू झाला आणि बसमधल्या वर्णभेदाला आव्हान देणारा दावा, ब्राउडर विरुद्ध गेल, तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे आला. सुनावणीनंतर आतल्या खोलीत कनिष्ठ म्हणून जॉन्सन यांना आधी मत विचारलं गेलं, आणि त्यांनी फारसा वेळ न घेता सांगितलं की हा कायदा घटनेत बसत नाही. रिचर्ड राइव्ह्ज त्यांच्या बाजूला आले, तिसऱ्यांनी भिन्नमत दिलं. जून १९५६ मध्ये दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला, डिसेंबरमध्ये बहिष्कार संपला.

त्याच वर्षी जॉन्सन यांच्या अंगणात क्रूस जाळण्यात आला, म्हणजे कट्टर वर्णद्वेष्ट्यांची ठरलेली धमकी. गावातल्या मातब्बर गोऱ्यांनी त्यांच्याशी उठबस तोडली. पुढे १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बाँब टाकला गेला, त्या वाचल्या. वर्षानुवर्षं फेडरल मार्शल त्यांच्या घराबाहेर पहारा देत होते. कायद्याच्या शाळेतला त्यांचा वर्गमित्र, पुढे वर्णभेदाचा कैवारी म्हणून अलाबामाचा गव्हर्नर झालेला जॉर्ज वॉलेस, याने तर त्यांना शिव्या घालत आपली राजकीय कारकीर्द उभी केली. १९५९ साली वॉलेस राज्याच्या कोर्टात जज होता. मतदार नोंदणीची दप्तरं नागरी हक्क आयोगाला देणार नाही असा त्याचा जाहीर पवित्रा, आणि हुकूम काढून ती द्यायला लावणारे जॉन्सन. वॉलेसने दप्तरं आडवाटेने ग्रँड ज्युरीमार्फत (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळामार्फत) पोचवली आणि तरीही आपण झुकलो नाही असा डांगोरा पिटला. जॉन्सन यांनी त्याला अवमानाची शिक्षा दिली नाही. हुकूम पाळला गेलाय एवढं नोंदवून त्याच्या हौतात्म्यातली हवा काढून घेतली. मला ही हुशारी शिक्षेपेक्षा मोठी वाटते.

त्यांना नुसता शूरवीर करून ठेवू नका, मात्र. टस्कीगी गावाची हद्द काळ्या मतदारांना वगळण्यासाठी वेडीवाकडी आखली गेली होती. तो दावा जॉन्सन यांनीच सुरुवातीला फेटाळला, कारण तेव्हाच्या नजिरा तसंच सांगत होत्या. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना उलटवलं. आणि १९६५ च्या मार्चमध्ये, अलाबामातल्या सेल्मा गावच्या पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांना पोलिसांची मारहाण झाल्यावर दोनच दिवसांनी, पुढचा मोर्चा सुनावणी होईपर्यंत थांबवायचा हुकूमही त्यांचाच. चळवळीतले लोक चिडले. पण सुनावणी झाली, साक्षीपुरावा आला, आणि १७ मार्चला त्यांनी परवानगी दिली. तर्क असा की ज्या अन्यायाविरुद्ध मोर्चा आहे तो जितका मोठा, तितकी रस्त्यावर उतरण्याची मुभाही मोठी.

तो हुकूम वकिलांनी मुद्दाम वाचावा. त्यात मोर्चाचा आराखडा जोडलेला आहे. महामार्ग ८० जिथे दोनपदरी होतो त्या टप्प्यात तीनशेच माणसांनी चालायचं, असं त्यात आहे. ट्रायल जजचं काम कसं असतं ते इथे दिसतं. वरची कोर्टं तत्त्व सांगतात. रस्त्याच्या किती पदरांवर किती माणसं, हे खालच्याला ठरवावं लागतं.

याचं टोक म्हणजे वायट विरुद्ध स्टिकनी. १९७० मध्ये सिगारेटवरच्या करातून येणारा पैसा घटला म्हणून टस्कलूसाच्या ब्राइस या सरकारी मनोरुग्णालयातले ९९ कर्मचारी काढले गेले. दावा खरं तर नोकऱ्यांसाठी सुरू झाला. जॉन्सन यांनी तो रुग्णांच्या हक्काकडे वळवला: माणसाला उपचारासाठी म्हणून बळजबरीने कोंडलं असेल, तर उपचार मिळणं हा त्याचा घटनात्मक हक्क आहे. मग १९७२ मध्ये किमान दर्जा लिहून दिला. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, आठ जणांमागे एक संडास, पंधरा जणांमागे एक न्हाणी, रुग्णांच्या संख्येप्रमाणे किती डॉक्टर, किती परिचारिका. टीकाकार म्हणाले, हा जज आहे की राज्याचा कारभारी? टीका अगदीच पोकळ नाही. पण राज्य सरकार वर्षानुवर्षं काहीच करत नसेल आणि कोंडलेल्या माणसाला मतही देता येत नसेल, तर त्याने जायचं कुठे? हा खटला २००३ मध्ये संपला. जॉन्सन १९७९ लाच अपील कोर्टावर गेले होते आणि १९९९ मध्ये वारले होते. शेवटचा हुकूम त्यांच्या जागी आलेल्या मायरन थॉम्पसन यांनी दिला.

१९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी जॉन्सनना एफबीआयचं प्रमुखपद देऊ केलं होतं. महाधमनीची शस्त्रक्रिया झाली आणि प्रकृतीमुळे त्यांनी ते सोडलं. माँटगोमेरीच्या ज्या कोर्टाच्या इमारतीत दिलेल्या निकालांबद्दल गावाने त्यांना वाळीत टाकलं, तिला आज त्यांचंच नाव आहे.

आता आजचं चित्र. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, पण नाव बहुधा त्या राज्याच्या सिनेटरांकडून निघतं. त्यांनी निळी चिठ्ठी, म्हणजे आपल्या संमतीचा कागद, परत पाठवली नाही तर डिस्ट्रिक्ट जजचं नाव सहसा पुढे सरकत नाही. एफबीआयची चौकशी होते, वकिलांची संघटना दर्जा ठरवत आली आहे, आणि उमेदवाराला एक लांबलचक प्रश्नावली भरावी लागते: आजवर काय लिहिलं, कुठे बोललात, कोणते खटले चालवले, पैसा कुठे आहे. मग समितीपुढे सुनावणी आणि सिनेटचं मतदान. काहींचं दोन-तीन महिन्यांत होतं, काही लटकतात. कॉन्स्टन्स बेकर मॉटली या फेडरल न्यायासनावर बसलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. १९६६ मध्ये त्यांचं नाव समितीने जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत अडवून ठेवलं होतं.

येतात कुठून ही मंडळी? बहुतेक माजी सरकारी वकील, मोठ्या फर्ममधले भागीदार, राज्याच्या कोर्टातले जज, किंवा डिस्ट्रिक्ट जजच्या हाताखाली काम करणारे फेडरल मॅजिस्ट्रेट. आरोपींचे वकील पूर्वी क्वचितच यायचे. आता काही येतात. गुजरातमधल्या पाटणला जन्मलेले अमित मेहता वॉशिंग्टनमध्ये सरकारी खर्चाने आरोपींची बाजू मांडणाऱ्या कार्यालयात होते. २०१४ पासून ते तिथे डिस्ट्रिक्ट जज आहेत आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली असा निकाल त्यांनीच दिला.

रोजचं काम बातम्यांत दिसतं तसं नसतं. खटले चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक वाटले जातात, जजला निवड नसते. दालनात दोन-तीन लॉ क्लार्क, बहुतेक नुकते पदवीधर झालेले हुशार तरुण, वर्ष-दोन वर्षं राहून जाणारे. ते संशोधन करतात, मसुदे लिहितात. दिवसाचा मोठा भाग अर्ज वाचण्यात जातो: दावा फेटाळा, पुरावा वगळा, कागदपत्रं द्यायला लावा. आपल्यासारखं 'तारीख पे तारीख' फार चालत नाही, आणि त्याला एक मजेशीर कारण आहे. १९९० च्या कायद्यामुळे प्रत्येक जजकडे सहा महिन्यांहून जास्त रेंगाळलेल्या अर्जांची यादी वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि सप्टेंबरअखेर, त्याच्या नावानिशी जाहीर होते. दंड नाही, शिक्षा नाही, नुसती लाज. मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मेलवर हुकूम कसे धो धो येतात ते बघा. असली यादी मुंबई-पुण्यात लावली तर काय होईल, हा विचार मी नेहमी करतो.

प्रत्यक्ष ट्रायल आता दुर्मीळ आहे. फेडरल आरोपींपैकी शंभरात दोन-तीनच ज्युरीपर्यंत जातात. बाकी बहुसंख्य गुन्हा कबूल करतात. आपल्याकडची ज्युरी म्हटलं की आठवतो तो नानावटी खटला. तिथे आठ विरुद्ध एकने 'निर्दोष' आलं तेव्हा सेशन्स जजने ते अमान्य करून प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. इथल्या फेडरल जजला ते जमणार नाही. बारा जणांनी एकमताने निर्दोष म्हटलं की आरोपी घरी जातो, जजचं मत काहीही असो.

जजला सगळ्यात जड जातं ते शिक्षा सुनावणं. आरोपीला बोलायचा हक्क असतो, बळी पडलेल्यांना असतो, मागच्या बाकांवर बायको-मुलं बसलेली असतात. १९८४ च्या सुधारणेनंतर फेडरल पॅरोल गेला, म्हणून दहा वर्षं म्हटलं तर चांगल्या वागणुकीची थोडी सूट सोडता माणूस जवळपास तेवढाच काळ आत राहतो. १९८७ पासून शिक्षेचे तक्ते आले. गुन्ह्याची पातळी उभी, पूर्वीचे गुन्हे आडवे, मधल्या चौकटीत महिने. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बुकर प्रकरणात ते तक्ते सल्ल्यापुरते केले, तेव्हा जजांना श्वास घेता आला. पण काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ठरवलेली किमान शिक्षा मात्र बंधनकारकच राहिली.

२००४ मध्ये यूटा राज्यात पॉल कॅसल या जजपुढे एक प्रकरण आलं. थोडा गांजा विकताना बंदूक बाळगल्याबद्दल एका तरुणाला कायद्याने किमान ५५ वर्षं द्यावी लागत होती. कॅसल हे काही मवाळ गृहस्थ नव्हते, माजी सरकारी वकील. त्यांनी शिक्षा दिली, निकालपत्रात ती अन्यायकारक आहे असं स्वच्छ लिहिलं आणि राष्ट्राध्यक्षाला ती कमी करायची विनंती केली. तो माणूस २०१६ मध्ये सुटला. कॅसल त्याआधीच, २००७ मध्ये, राजीनामा देऊन शिकवायला गेले होते. न्यूयॉर्कचे जॉन मार्टिन तर २००३ मध्ये शिक्षेच्या धोरणाचा निषेध करतच पायउतार झाले. पूर्ण अधिकार असलेला माणूस इथे अडतो: कायदा वाईट वाटला तरी घटनाबाह्य नसेल, तर तो लागू करायचा, नाहीतर घरी जायचं.

पगार? २०२५ मध्ये वर्षाला २,४७,४०० डॉलर. ऐकायला मोठा वाटतो. पण मोठ्या फर्ममध्ये नवखा वकील २,२५,००० वर लागतो, त्यामुळे वर्षभर हाताखाली काम केलेला लॉ क्लार्क बाहेर पडून बोनससह आपल्या जजपेक्षा जास्त मिळवतो. दरवर्षी आपली मालमत्ता जाहीर करावी लागते. जुने वकील मित्र हळूहळू दुरावतात. उद्या कोण समोर उभं राहील सांगता येत नाही, म्हणून जेवणावळीही जपून. आणि धोका खरा आहे. १९७९ मध्ये सॅन अँटोनियोत जज जॉन वुड यांना घरासमोर गोळी घातली गेली. २०२० मध्ये आमच्या न्यू जर्सीत जज एस्तर सालास यांच्या दारावर आलेल्या बंदूकधाऱ्याने, जो स्वतः वकील होता, त्यांच्या वीस वर्षांच्या मुलाला मारलं आणि नवऱ्याला जखमी केलं. त्यानंतर जजांचे घरचे पत्ते इंटरनेटवरून हटवण्याचा कायदा झाला, त्या मुलाच्या नावाने.

याच नोकरीत एक आनंदाचं कामही आहे, आणि इथल्या पुष्कळ मराठी मंडळींनी फेडरल जज पाहिलेला असतो तो तेवढ्यापुरताच: नागरिकत्वाची शपथ. शंभरेक माणसं नटूनथटून आलेली, कुणी नऊवारीत, आणि कोर्टरूममध्ये फोटो काढायची चक्क मुभा.

निवृत्तीची गंमत वेगळीच. वय आणि सेवा मिळून ऐंशी भरली, वय किमान ६५, की 'सीनियर' होता येतं: पगार चालू, काम आपल्या मर्जीने कमी, आणि जागा नव्या नेमणुकीसाठी रिकामी. कोणता राष्ट्राध्यक्ष असताना ती रिकामी करायची हा हिशेब कित्येक जण करतात, उघड कुणी बोलत नाही. कॅन्ससचे वेस्ली ब्राउन यांना केनेडींनी १९६२ मध्ये नेमलं होतं. ते २०१२ च्या जानेवारीत वारले तेव्हा १०४ वर्षांचे होते आणि तोवर काम करत होते. लांबणाऱ्या खटल्यांच्या वकिलांना ते बजावायचे की या वयात मी कच्ची केळीसुद्धा विकत घेत नाही.

आता तुमच्या बातमीकडे. एकटा जज राष्ट्राध्यक्षाचा हुकूम थांबवू शकतो, पण २७ जून २०२५ ला ट्रम्प विरुद्ध कासा या निकालात सुप्रीम कोर्टाने त्याला लगाम घातला. समोरच्या फिर्यादींना पूर्ण दिलासा मिळण्यापुरता मनाई हुकूम द्या, त्यापलीकडे सरसकट देशभर लागू होणारा हुकूम बहुधा तुमच्या अधिकारात नाही, असं ते म्हणाले. त्यानंतर वकील सामूहिक दाव्यांकडे, म्हणजे अनेकांच्या वतीने लावलेल्या एकाच दाव्याकडे, वळले आहेत. शिवाय वर अपील कोर्ट आणि सुप्रीम कोर्ट आहेच. ट्रायल जजचा मोठा हुकूम कित्येकदा आठवड्याभरात स्थगित होतो. मला हा निकाल अर्धा पटतो. देशात कुठेही एखादा सोयीचा जज गाठून सगळीकडचा कारभार थांबवणं दोन्ही पक्षांनी केलंय, आणि ते चांगलं नव्हतं. पण जो दावा लावू शकत नाही त्याचं काय, याचं उत्तर त्यात नीट मिळत नाही.

पुस्तकं वाचण्याआधी, कधी इकडे आलात तर, सरळ कोर्टात जाऊन बसा. न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीटवरच्या कोर्टात कुणालाही जाता येतं, पास लागत नाही. फोन दारात जमा करावा लागतो आणि फौजदारी खटल्यांचं चित्रीकरण फेडरल कोर्टात होत नाही, म्हणजे प्रत्यक्ष गेल्याशिवाय दिसणार नाही. मोठा गाजलेला खटला शोधू नका, तिथे रांग असते. दारावर लावलेल्या यादीत शिक्षा सुनावण्याची वेळ बघा आणि मागच्या बाकावर जागा घ्या.